वटारची आजी

वसई तालुक्यातलं वटार हे माझ्या आजीचं गाव. 1867 साली विरारहून मुंबईला रेल्वे सुरू झाली आणि वसईच्या केळी-भाजीला शहराची वाट मिळाली. पुढे पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन जाणाऱ्या बायकांत आजीही असायची.

तिचा खरा जीव सुकेळीत, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, संध्याकाळी झाकायची, पुन्हा उन्हात; केळं मधाच्या रंगाचं होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही.

सत्तरीत ती काकाकडे कॅनडाला गेली. तिथल्या नातवंडांशी कायम आमच्या कादोडी बोलीतच बोलली, म्हणून आज त्यांना ती बोली येते. फोनवर मला मात्र पहिला प्रश्न ठरलेला: विहिरीला पाणी किती आहे?