जामीन कोणी राहावे?



परदेशात आपल्यापैकी कुणावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आला, की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘जामीन’. मग ओळखीच्यांचे उंबरठे झिजविले जातात, वर्गणी काढली जाते. सिंगापूरमध्ये ही धावपळ कोणत्या दिशेने व्हावी, याचा विचार आपण संकटापूर्वीच केला पाहिजे.

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत धंदेवाईक जामीनदार मिळतो. जामिनाच्या रकमेचा साधारण दहावा हिस्सा घेऊन तो न्यायालयास हमी देतो. तो हिस्सा परत मिळत नाही. सिंगापूरमध्ये हा धंदाच नाही. येथे माणसासाठी माणूसच उभा राहावा लागतो. जामीनदार किमान २१ वर्षांचा आणि सहसा सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. तो दिवाळखोर नसावा, त्याच्यावर स्वतःवर खटला चालू नसावा. म्हणजेच नोकरीच्या परवान्यावर आलेला सख्खा भाऊही सहसा भावाला जामीन राहू शकत नाही. तो भार समाजातील मोजक्या नागरिकांवर आणि कायम रहिवाशांवर येतो.

हा भार नुसत्या सहीचा नव्हे. आरोपी प्रत्येक तारखेस हजर राहील, परवानगीवाचून देश सोडणार नाही, हे जामीनदाराने पाहावयाचे असते. त्याने आरोपीशी रोज संपर्क ठेवावयाचा आणि संपर्क तुटल्यास २४ तासांत पोलिसांत तक्रार नोंदवावयाची. आरोपी पळाल्यास जामीनदाराची ठेव अंशतः वा संपूर्ण जप्त होऊ शकते.

येथे आपल्या जुन्या सवयीस एक मर्यादा येते. “तू जामीन राहा, पैसे बुडाले तर आम्ही सर्व मिळून भरून देऊ,” असे गावाकडे सहज म्हटले जाते. सिंगापूरमध्ये जामीनदाराचे नुकसान भरून देण्याचा असा करार करणे हाच गुन्हा आहे. त्यात जामीनदाराची स्वतःची जोखीम उरत नाही, आणि कायद्याचा भरवसा नेमका त्या जोखमीवरच उभा आहे. तेव्हा भिडेपोटी कुणी जामीन राहू नये आणि कुणी कुणास भीड घालू नये. नकार देणाऱ्यास समाजाने बोल लावू नये. जामीन राहिल्यावर विश्वास उडाला, तर न्यायालयाकडे मुक्ततेचा अर्ज करता येतो.

मग उरलेल्यांनी काय करावे? वकिलाच्या फीस हातभार लावावा, घरातील चूल विझू देऊ नये, मुलांच्या शाळेकडे लक्ष द्यावे, तारखेला सोबत जावे. आरोपी नागरिक किंवा कायम रहिवासी असून गरीब असेल, तर डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी बचाव कार्यालयाकडे अर्ज करता येतो.

अटकेतील माणसास २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि त्यास वकिलाचा सल्ला मिळावा, या हमीचे कलम बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत मांडले. तेच आज भारतीय संविधानाचे कलम २२ आहे. सिंगापूरच्या संविधानात ही मुदत ४८ तासांची आहे. दोन्हींमागील तत्त्व एकच : आरोप म्हणजे दोष नव्हे. न्यायालयाने निकाल देण्यापूर्वी आपल्या ओसरीवर निकाल लागू नये, एवढे तरी आपणा सर्वांच्या हाती आहे. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, ठेवही लागत नाही.

जय भीम.