कथेतला सर्पदंश



कथेत, सिनेमात साप चावला की पुढं काय होणार, हे आमच्या कर्नाटकातल्या चिटगुप्प्यातल्या लहान पोरालाही पाठ असतं. नायक फडकं करकचून बांधतो, ब्लेडनं चीर देतो, तोंडानं विष ओढून थुंकतो आणि माणूस उठून बसतो. यातलं काहीच करू नये, असं डॉक्टर सांगतात. घट्ट फडक्यानं हातापायाचं रक्त अडतं, चिरेतलं रक्त थांबता थांबत नाही आणि विष काही ओढून निघत नाही. तरी रात्री रानात पाणी द्यायला गेलेल्या माणसाला ऐन वेळी आठवतो तो पडद्यावरचा नायकच.

शिवाय खरी हकीकत जास्त थरारक आहे. मण्यार रात्री अंथरुणात येऊन चावते. फारसं दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, श्वास मंदावतो. घरचे रडायला लागतात आणि तो माणूस कदाचित सगळं ऐकत पडलेला असतो! वेळेत कृत्रिम श्वास मिळाला, तर तो परत येतो. घोणसेची तऱ्हा निराळी. सूज चढते, हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं तशीच ठेवतात, मग तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल, तर विषानं आपलं काम सुरू केलंय. ती २० मिनिटं बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकोची. लेखकाला आणखी काय हवं?

चमत्काराशिवाय, खऱ्या आजारावरही गोष्ट रंगते, हे संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ या सिनेमानं २००४ साली दाखवून दिलं. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शेवटी चमत्कार होत नाही. दृष्टी जाणार, हे त्या पोराला सांगायचं कुणी, एवढ्यावर सिनेमा उभा राहतो.

आता पुन्हा सापाकडं. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक आहे. आपल्या कथा मात्र अजून त्या पडद्यावरच्या नायकापाशीच. लिहिणाऱ्यांनो, असा प्रसंग लिहायच्या आधी तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरना गाठा. आणि ऐकणाऱ्यांनो, साप चावला तर चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा. प्रतिविषाचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं.