राणीचं पत्र आणि गोव्यातला जामीन
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेलं भाषण)



आपल्या गावाला विंडसर हे नाव १८३६ साली मिळालं, तेही इंग्लंडच्या विंडसरवरून. तिथल्या राजवाड्याच्या आवारात, सेंट जॉर्ज चॅपलमध्ये, आठव्या हेन्रीचं दफन झालेलं आहे. त्याची मुलगी पहिली एलिझाबेथ. १५६३ साली लंडनमध्ये प्लेगची साथ आली तेव्हा ही राणी सगळा दरबार घेऊन तिथेच जाऊन राहिली होती. हेन्रीच्या सहा बायका, एलिझाबेथचे दरबारी, हे सगळं आपण सिनेमात आणि टीव्हीवर भरपूर पाहिलंय. म्हणून आज मी त्या दरबारातून निघालेल्या एका पत्राची गोष्ट सांगणार आहे. ती गोष्ट आपल्या मराठीपर्यंत येऊन पोचते.

फेब्रुवारी १५८३ मध्ये एलिझाबेथने अकबर बादशहाला पत्र लिहिलं. माझ्या प्रजाजनांना व्यापार करू द्यावा, अशी विनंती त्यात होती. पत्र घेऊन निघालेल्यांत चौघे होते : जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. 'टायगर' नावाच्या जहाजाने ते सीरियाच्या किनाऱ्यापर्यंत आले, पुढे होर्मुझला पोचले आणि तिथे पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं. हेर असल्याचा संशय! शिवाय फ्रान्सिस ड्रेकने पूर्वेकडच्या समुद्रात पोर्तुगीज जहाजावर तोफा डागल्याचा राग होताच. १५८० पासून पोर्तुगालवर स्पेनच्या फिलिपचं राज्य होतं, आणि त्याचं एलिझाबेथशी हाडवैर. नोव्हेंबरअखेर चौघांची रवानगी गोव्याच्या तुरुंगात झाली. राणीच्या पत्राचा तिथे काडीचाही उपयोग नव्हता.

गोव्यात तेव्हा एकच इंग्रज माणूस होता, ज्याला सरकारदरबारी शब्द टाकता येत होता. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. आपल्याकडे त्याला फादर स्टीफन्स म्हणून ओळखतात. विल्टशायरचा हा माणूस ऑक्टोबर १५७९ मध्ये लिस्बनहून गोव्याला आला. तो जेझुइट पाद्री होता. इथे जरा थांबून विचार करा. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये जेझुइट असणं म्हणजे जिवावरचं काम. १५८१ साली एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला लंडनमध्ये देहदंड झाला. स्टीफन्सचा जिवलग मित्र थॉमस पाउंड तर धर्मापायी तिथे वर्षानुवर्षं तुरुंगात होता. अशा माणसाने त्याच राणीच्या लोकांसाठी धावपळ का करावी? "भोगा आता," असं तो म्हणू शकला असता.

त्याने रदबदली केली. सेंट पॉल कॉलेजातला आणखी एक पाद्री आणि आर्चबिशप हेही मदतीला आले. आर्चबिशपकडे काम करणाऱ्या लिन्सखोटेन या डच तरुणाचाही हातभार लागला. डिसेंबरात चौघे जामिनावर सुटले. हे लोक नसते तर आम्ही तुरुंगातच कुजलो असतो, अशा अर्थाचं न्यूबेरीने जानेवारी १५८४ मध्ये लिहून ठेवलं आहे.

पुढची गोष्टही सांगायला हवी. चित्रकार स्टोरी गोव्यातच राहिला. बाकीचे तिघे एप्रिलमध्ये गुपचूप नदी ओलांडून पळाले आणि बेळगाव, विजापूर करत अकबराच्या दरबाराकडे गेले. लीड्स बादशहाच्या चाकरीत राहिला. परतीच्या वाटेवर न्यूबेरी वारला. फिच मात्र बंगाल, ब्रह्मदेश, मलाक्का फिरून १५९१ साली लंडनला पोचला. १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली तेव्हा तिच्या लोकांना त्याच्या माहितीचा उपयोग झाला. म्हणजे ज्याला मदत केली तो पुढे काय करील, हे मदत करणाऱ्याच्या हातात नसतं. तरी अडल्या वेळी दार उघडावं लागतं.

स्टीफन्स गोव्यातच राहिला. त्या काळच्या गोव्यात सगळं गोड नव्हतं. साष्टीतली देवळं पाडली गेली होती, इन्क्विझिशन होतं, आणि लोकांना त्यांच्या जुन्या पोथ्यांना मुकावं लागलं होतं. ते विसरून चालणार नाही. पण या परक्या माणसाने मराठी आणि कोंकणी मनापासून शिकून घेतली. १६१६ साली रायतूरला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं : सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, त्याही रोमन लिपीत छापलेल्या. मराठीचं त्याने त्यात केलेलं कौतुक आपण शाळेत ऐकलेलं आहे. १६१९ साली तो गोव्यातच वारला. कोंकणीचं त्याने लिहिलेलं व्याकरण १६४० साली छापून आलं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांना आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरी दोन्ही भाषा टिकल्या, कारण लोकांनी त्या घरात आणि देवापुढे बोलायच्या सोडल्या नाहीत.

आता आपल्या विंडसरकडे येऊ. नव्याने आलेलं कुटुंब भाड्याचं घर शोधायला जातं तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? क्रेडिट हिस्टरी आहे का? नाही. मग गॅरंटर कोण? इथे सख्खं कोणी नाही. शिकायला आलेल्या मुलांचीही तीच गत, आणि जानेवारीची थंडी काही कोणासाठी थांबत नाही. हातात सरकारी कागद असतात, पासपोर्ट असतो, शिक्का असतो. पण "याला मी ओळखतो, याची हमी मी घेतो," असं म्हणणारा माणूस लागतो.

आपला मदतनिधी म्हणजे तसा जामीन आहे. पहिल्या महिन्याचं भाडं, एखादा जाड कोट, डॉक्टरकडे सोबत जाऊन मराठीत समजावून सांगणारं कोणीतरी. यात पैसे लागतात तसा वेळही लागतो. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी एक शनिवार द्यावा. आणि घेणारा कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा, हे विचारू नये. स्टीफन्सनेही ते विचारलं नव्हतं.

पाकिटं दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. चहा घ्यायला जाताना वाटेतच लागतील.