धरणातला मासा उन्हाळ्यात कुठे जातो?

(आकाशवाणीवरील भाषण)

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात धरणाची गोष्ट निघाली की ती टक्क्यांत निघते. बेंबळा किती टक्के? पूस भरलं का? इसापूरचे दरवाजे उघडले का? हे टक्के उपयुक्त साठ्याचे, म्हणजे कालव्याला आणि नळाला देता येईल अशा पाण्याचे. इसापूरचा हा साठा ९६४ दशलक्ष घनमीटर, दिग्रसजवळच्या अरुणावतीचा सुमारे १७०, पुसदच्या पूस धरणाचा ९१. त्याच्याही खाली, कालव्याच्या तोंडाखाली जे पाणी राहतं, ते मृत साठा म्हणून हिशेबाबाहेर. उपयुक्त साठा संपला, तर मे महिन्यात धरणातले मासे तेवढ्यावरच जगतात.

आधी हे मासे कोण ते पाहू. कटला, रोहू, मृगळ हे तिघे मुख्य. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातले बारीक जीव टिपतो. रोहू मधल्या पाण्यात चरतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळचा गाळ चाळतो. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं आणि तिघांच्या चुली वेगळ्या, त्यामुळे भांडण नाही. पण यांची एक अडचण आहे. अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. पहिल्या पुरात काही मासे नाल्याच्या तोंडाशी चढतात खरे, आणि आपण तिथेच जाळं लावून उभे असतो! चढणीचा मासा चवीला चांगला, हे मान्य. पण त्याच्या पोटात पुढच्या वर्षाचं धरण असतं.

म्हणून धरणात दरवर्षी मत्स्यबीज सोडावं लागतं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाला पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. तिथून नदीतलं बीज गोळा करत हिंडण्याची गरज कमी झाली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. बीज प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतं. जाणता भोई पिशवी लगेच फोडत नाही. ती तशीच बंद धरणाच्या पाण्यावर तरंगत ठेवतो, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की तोंड सोडतो आणि पोरांना आपलं आपण बाहेर पडू देतो. घाई केली तर निम्मं बीज तिथेच उलटं पडतं. बीजही बोटभर झालेलं हवं. नखाएवढं सोडलं तर ते शिंगाळा, मरळ अशा शिकारी माशांच्या पोटात जातं, आणि मच्छीमार संस्थेचा पैसाही त्याच वाटेने जातो.

तिलापिया या माशाला मात्र यातलं काही लागत नाही. त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते. नर उथळ काठाला गाळात ताटाएवढे खळगे करतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या भेगाळल्या चिखलात हे खळगे ओळीने उघडे पडलेले दिसतात. पाणी फार झपाट्याने सोडलं की काय होतं, हे त्या कोरड्या खळग्यांवरून कळतं.

पाणी उतरण्यात सगळं वाईटच असतं असं नाही. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, गवत माजतं. जुलैत तेच पाण्याखाली जाऊन कुजतं आणि त्यावर माशांचं सूक्ष्म खाद्य वाढतं. उन्हाळ्यात वर आलेल्या बेटांवर नदी सुरय हा पक्षी उघड्यावरच अंडी घालतो. पाणी आणखी खाली गेलं की बेट काठाला जोडलं जातं, आणि कुत्री चालत तिथे पोचतात. इसापूरला पक्षी अभयारण्य आहे, पण या हंगामात त्या अंड्यांची राखण करतं ते पाणीच.

या माशा-पक्ष्यांसाठी पाणी मागायचं कुणाकडे? १५ ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती आवर्तनं ठरवते. पिण्याचं पाणी आधी, मग शेती, मग उद्योग. हा क्रम योग्यच आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा यवतमाळकरांनी काय सोसलं ते आपण विसरलेलो नाही. पण मृत साठ्यातूनही पंप लावून उपसा करायची वेळ येईल, तेव्हा धरणाचा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेला निदान आधी कळवावं. माणसं आपली जाळी घेऊन वेळेत उतरतील, सडलेले मासे काढायची पाळी कुणावर येणार नाही.

आता थोडं हौशी मंडळींसाठी. धरण ओसंडू लागलं की आपण सहकुटुंब निघतो, निघावंच. पण सांडव्याच्या शेवाळलेल्या दगडांवर फोटोसाठी चढू नका, आणि गाळात पोहायला उतरू नका. तिथे पाय रुततो, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. गळ टाकणाऱ्यांनी आधी संस्थेला विचारावं, आणि पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर गळ गुंडाळून ठेवावा. खाली मरळ राखणीला असते. ती गेली की तो झुबका घटकाभरात इतर मासे फस्त करतात.

परतताना काठावर मासा विकत मिळाला तर घ्या. बर्फाच्या पेटीतून आंध्रातून आलेला रोहू बाजारात बारमाही असतो, कधी स्वस्तही पडतो. धरणाचा मासा ओळखायचा तर कल्ला उचलून बघा: लालभडक आणि ओला असेल, तर तो सकाळचाच.