मेंदूतला जागेजागेचा फरक



आपल्या हेदवीच्या विहाराच्या वर्गणीच्या जुन्या वह्या एकदा काढून पाहा. त्या आमच्या चुलत्यांनी लिहिल्या. आधीचे अक्षर ठसठशीत. पुढे ते बारीक होत होत मुंगीएवढे झाले. आम्ही हसायचो, काका कागद वाचवतात म्हणायचो. मग हात कापू लागला, चालताना पाऊल घासू लागले. काहींनी दारूचा संशय घेतला. उभ्या आयुष्यात ओठाला थेंब न लावलेला माणूस! घरातल्याच काहींनी भगताकडे न्यायचे काढले. शेवटी मुंबईला नेल्यावर कळले, हा कंपवात.

मेंदू म्हणजे सगळीकडे एकसारखा गोळा नव्हे. विहिरीचे, खाडीचे, समुद्राचे पाणी जसे वेगवेगळे, तशी मेंदूच्या भागाभागांत रसायने कमी-जास्त असतात. हे कळण्यात आपल्याकडच्या झाडाचाही वाटा आहे बरे का. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्याच वनस्पतीतले रेसर्पिन स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांना दिले. ससे बसल्या जागी थिजले. एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हिंडू लागले! एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. ते बहुतेक सगळे मेंदूच्या आत खोलवर, हालचाली सांभाळणाऱ्या भागात असते, हे १९५९ पर्यंत स्पष्ट झाले.

मग १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकीविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतला नेमका तोच भाग वेगळा काढून तपासला. कंपवात झालेल्यांत तिथले डोपामिन फारच थोडे उरले होते. अख्खा मेंदू एकत्र वाटून पाहिला असता, तर कमतरता कुठे आहे हे कसे कळले असते? कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

कुणी विचारील, मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, एल-डोपा शिरतो. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही तो असतो. पण म्हणून बिया कुटून खाऊ नका. किती मात्रा पोटात गेली, कळत नाही. आणि चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद करू नका, त्यात धोका आहे.

गोळीने मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरी काकांना गुण आला, सही पुन्हा वाचता येऊ लागली. मात्र ज्यांनी दारुडा म्हटले, त्यांच्या दारी ते परत गेले नाहीत. आणि तेव्हा आम्हीही गप्पच होतो.