मोजल्याशिवाय घेऊ नका



डेटा साठवणीवरचं आपलं संमेलन फरीदाबादला भरतंय याचा मला विशेष आनंद आहे. हे गाव कारखान्यांचं म्हणून प्रसिद्ध. १९४९ मध्ये फाळणीतून उठून आलेल्या माणसांसाठी इथे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, म्हणजे आजचं एनआयटी, वसवायला सुरुवात झाली. पुढे एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर आले, १९७९ मध्ये बल्लभगढला जेसीबी आली, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या कारखान्यांचं जाळं उभं राहिलं. पण याच शहरात, रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीच्या आवारात, देशाच्या जीवशास्त्रीय माहितीचं कोठार आहे: इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर. १० नोव्हेंबर २०२२ ला ते राष्ट्राला अर्पण झालं, तेव्हा तिथे सुमारे ४ पेटाबाइट साठवण आणि 'ब्रह्म' ही संगणन सुविधा होती. आपत्ती आलीच तर दुसरी प्रत सुरक्षित राहावी म्हणून भुवनेश्वरच्या एनआयसीची जागा ठरवलेली होती. त्यानंतर दीड वर्षही उलटलं नव्हतं, तोच फेब्रुवारी २०२४ मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पाचे १० हजार जनुकसंच वाचून झाले आणि हा डेटा ८ पेटाबाइटच्या घरात असल्याचं जाहीर झालं. तोही इथेच ठेवायचा होता.

हे उदाहरण मी आधी घेतलं, कारण त्यात आपल्या व्यवसायाचे दोन धडे एकत्र आहेत. एक, डेटा आपल्या अंदाजाला जुमानत नाही. दुसरा, सगळा डेटा एका जातीचा नसतो. जनुकवाचनाच्या यंत्रातून निघालेल्या मूळ फायली एकदा तपासून ठेवल्या की वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. त्या स्वस्त डिस्कवर किंवा टेपवर सुखाने राहतात. त्यांचं विश्लेषण चालू असताना मात्र हजारो प्रक्रिया एकाच वेळी लहान लहान तुकडे मागतात, आणि तिथे फ्लॅशला पर्याय नाही. कारखान्याचंही तेच, बँकेचंही तेच.

आता आपण स्टोरेज घेतो कसं, ते पाहू. तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवतो. तिघांच्या ब्रोशरवर आयओपीएसचे लाखांतले आकडे असतात. त्यांचा तक्ता होतो, खरेदी विभाग एल-वन काढतो, आणि ॲरे दारात येऊन उभा राहतो. या सगळ्यात आपलं स्वतःचं काम किती आहे, हे कुठेच मोजलेलं नसतं. मला आज या व्यासपीठावरून एकच गोष्ट सांगायची आहे: फ्लॅश स्टोरेजची पारख आपल्या कामाच्या मोजमापापासून सुरू झाली पाहिजे, आणि ते मोजमाप आपण, संगणक विभागातल्या माणसांनी, स्वतः केलं पाहिजे. विक्रेत्याच्या इंजिनिअरवर ते सोपवू नये, तो कितीही सज्जन असला तरी.

मोजायचं कुठे? कारखान्याच्या गेटवर. महिनाअखेरची संध्याकाळ आहे, माल भरून ट्रक उभा आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर बी-टू-बी विक्रीला ई-इनव्हॉइस लागतं. ईआरपीत बिल तयार व्हायचं, पोर्टलवरून आयआरएन यायचा, क्यूआर कोडसकट कागद छापून ड्रायव्हरच्या हातात पडायचा, मग फाटक उघडायचं. त्याच वेळी आत एमआरपीचा रन चालू आहे आणि अकाउंट्स विभाग स्टॉकचा ताळा घालतोय. पडद्यावरचं चक्र फिरत राहतं, डिस्पॅचचा माणूस आयटीला फोन लावतो. समोरच्या ग्राहकाची असेंब्ली लाइन या मालावर थांबलेली असेल, तर लाइन थांबल्याची डेबिट नोट पुरवठादाराच्या नावावर पडते. त्या संध्याकाळी डेटाबेसला एका वाचनासाठी किती मिलिसेकंद थांबावं लागलं, हा आकडा तुमच्याकडे हवा. ओरॅकल असेल तर त्याच्या एडब्ल्यूआर अहवालात तो मिळतो, लिनक्सवर आयओस्टॅट देतं. निदान एक महिनाअखेर आणि जमलं तर ३१ मार्च त्या नोंदीत आला पाहिजे. आणि सरासरी पाहून समाधान मानू नका. शंभरातली नव्व्याण्णव वाचनं झटपट झाली आणि शंभरावं अडकलं, तरी बिल त्या शंभराव्यासाठी थांबतं.

फिरत्या डिस्कचा हिशेब साधा होता. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला अर्ध्या फेरीलाच ४ मिलिसेकंदांहून अधिक लागतात, त्यात डोकं सरकण्याचा वेळ मिळवा. एक डिस्क सेकंदाला शंभरेक वाचनांपलीकडे जात नाही. फ्लॅशवर तेच वाचन मायक्रोसेकंदांत होतं. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड प्रकार पुढे आला. आज तुमच्या ॲरेत आहे तो नँडच. २०११ मध्ये एनव्हीएमई आलं आणि डिस्कच्या काळातल्या जुन्या प्रोटोकॉलची अडचणही दूर झाली.

पण नँडचा एक स्वभाव आहे आणि तो न समजता घेतलेली कुठलीही चाचणी फसवी ठरते. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसताना एक अक्षर पुसता येत नाही, अख्खी पाटी पुसावी लागते. पान काही किलोबाइटचं, पाटी मात्र काही मेगाबाइटची. त्यामुळे ड्राइव्ह बदललेला मजकूर नव्या जागी लिहितो, जुनी जागा रद्द समजतो, आणि सवडीने चालू पानं एकीकडे गोळा करून मोकळ्या केलेल्या पाटीवरून पुसणं फिरवतो. याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. कोऱ्या ड्राइव्हला हे काम नसतंच, म्हणून पहिल्या दिवशी तो वाऱ्यासारखा पळतो. तो भरत आला, लेखन अखंड चालू राहिलं, की आपलं आणि स्वतःचं अशी दोन्ही कामं त्याला एकाच वेळी करावी लागतात. स्निया या संस्थेने चाचणीची जी पद्धत ठरवून दिली आहे तिच्यात म्हणूनच आधी ड्राइव्ह पुरता लिहून काढतात, कामगिरी स्थिरावेपर्यंत थांबतात, आणि मगच आकडा टिपतात. पीओसीसाठी ॲरे आला की हेच करा. ऐंशी टक्के भरा, एफआयओवर तुमच्याच वाचन-लेखनाच्या प्रमाणात भार टाका आणि तो रात्रभर चालू ठेवा. ब्रोशरवरचा आकडा बहुधा निव्वळ ४ किलोबाइटच्या वाचनांचा असतो. तुमच्या ईआरपीत तीस टक्के लेखन असेल, तर त्या आकड्याशी तुमचा संबंध नाही.

भार चालू असतानाच एक ड्राइव्ह हाताने ओढून काढा. एका कंट्रोलरची वीज काढा. मग दोन्ही पॉवर केबल एकदम उपटा आणि वीज परत आल्यावर डेटाबेस जागच्या जागी आहे का ते तपासा. विक्रेते याला कुरकुरतात, हे मी अनेकदा अनुभवलंय. पण वीज गेली की कॅशमधला मजकूर वाचवायला ड्राइव्हमध्ये कपॅसिटर आणि कंट्रोलरला बॅटरी दिलेली असते, तिचे पैसे आपण मोजतो; ती काम करते का हे खरेदीपूर्वी पाहण्याचा हक्क आपला आहे. आपल्या भागात तर हे अगत्याचं आहे. हवेच्या प्रदूषणामुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून एनसीआरमध्ये डिझेल जनरेटरवर निर्बंध आहेत. डीजी आपोआप चालू होईल या भरवशावर सर्व्हर रूम आखण्याचे दिवस गेले.

उन्हाळ्याबद्दलही बोललं पाहिजे. जेडेकच्या मानकाप्रमाणे एंटरप्राइज एसएसडीची लेखनमर्यादा संपल्यावर, वीज नसताना ४० अंशांना, तिने डेटा तीन महिने धरून ठेवणं अपेक्षित आहे. तीनच महिने. तापमान वाढलं की ही मुदत आणखी घटते, आणि फरीदाबादचा पारा मे-जूनमध्ये ४५ च्या आसपास जातो. जुने एसएसडी काढून लोखंडी कपाटात 'बॅकअप' म्हणून ठेवणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. कृपा करून ते थांबवा. दीर्घ मुदतीच्या साठवणीसाठी टेप आहे.

उलट, वापरात असलेल्या ड्राइव्हच्या झिजेची जी भीती घातली जाते ती बहुतेक ठिकाणी अनाठायी असते. १५.३६ टेराबाइटचा ड्राइव्ह रोज एकदा पूर्ण लिहायला आणि पाच वर्षं टिकायला बनवला असेल, तर तो सुमारे २८ हजार टेराबाइट लेखन सोसतो. तुमच्या कारखान्यात रोज किती लिहिलं जातं ते मोजा, आणि दिवसाला तीन वेळा लिहिण्याच्या ड्राइव्हचे जादा पैसे वाचवा. क्यूएलसीबद्दलही हेच सांगेन. एका पेशीत चार बिट, म्हणजे विजेच्या सोळा पातळ्या ओळखायच्या, म्हणून ती टीएलसीपेक्षा हळू आणि नाजूक. पण वाचनच जास्त असेल तिथे तो चांगला सौदा आहे.

क्षमतेच्या आकड्यात सर्वांत जास्त फसगत होते. 'शंभर टेराबाइट इफेक्टिव्ह, चारास एक' असं लिहिलेलं असतं, म्हणजे पेटीत प्रत्यक्ष २५ टेराबाइटच असतात. उरलेलं डीडुप्लिकेशन आणि कॉम्प्रेशनमधून निघणार असं गृहीत धरलेलं असतं. एकाच साच्यातल्या शेकडो व्हर्च्युअल मशिनमधून ते निघतंही. पण तुमचा डेटा सीसीटीव्हीचं फुटेज, स्कॅन केलेले नकाशे, एन्क्रिप्ट केलेला डेटाबेस किंवा आधीच आवळलेल्या जनुकांच्या फायली असा असेल, तर दीडास एक मिळाले तरी नशीब; मग शंभरच्या जागी साडेसदतीस हाती येतात. म्हणून निविदेत प्रत्यक्ष वापरण्याजोगी क्षमता मागा, आणि गुणोत्तर साधलं नाही तर विक्रेता फुकट ड्राइव्ह देईल असं लेखी घ्या. त्या हमीखालची अपवादांची यादी स्वतः वाचा.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने ग्राहकांना तातडीची सूचना दिली: काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि त्यांतला डेटा परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. सोळा बिटांच्या चिन्हांकित संख्येत मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ आहे, हे इथल्या प्रत्येक प्रोग्रामरला ठाऊक आहे. दोष फर्मवेअरचा होता, दुरुस्ती कंपनीनेच दिली. पुढे मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांची तशीच एक सूचना आली. आता विचार करा. तुम्ही एका दिवशी, एका खोक्यातून, एकाच बनावटीच्या चोवीस ड्राइव्ह काढून ॲरेत बसवल्या. सगळ्यांचं घड्याळ एकत्र सुरू झालं. रेडची सारी गणितं एक-दोन ड्राइव्ह जातील या समजुतीवर उभी आहेत. एकाच तासाला सगळ्या गेल्या तर रेड काय करणार? म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न हा की फर्मवेअरच्या सूचना आमच्यापर्यंत कोण, किती दिवसांत पोचवणार, आणि चालू ॲरे न थांबवता फर्मवेअर कसं बदलणार. एएमसीच्या करारात त्या माणसाचं पद लिहिलेलं असू द्या.

आणि कितीही उत्तम ॲरे घेतला तरी तो बॅकअप नव्हे. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि जी-ड्राइव्हवरची ८५८ टेराबाइट सरकारी कागदपत्रं गेली. बाहेर प्रत नव्हती. आपल्याकडे कंपन्यांच्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घेण्याचं बंधन ऑगस्ट २०२२ पासून आहे, आणि सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने लॉग १८० दिवस राखायचे आहेत. जीएसटीच्या नोंदी तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. यातलं फार थोडं फ्लॅशवर ठेवण्याची गरज आहे. बॅकअपचं क्षेत्र आपल्या मराठी माणसांना परकं नाही. मिलिंद बोराटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यात द्रुवा सुरू केली, ती आज जगभर याच कामासाठी ओळखली जाते.

बंद पडलेल्या ड्राइव्हचंही पाहा. वॉरंटीत ती परत जाते, तिच्यासोबत तुमच्या कामगारांचे आणि ग्राहकांचे तपशील जातात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यावर हे चालणार नाही. ड्राइव्हवर एन्क्रिप्शन हवं आणि नादुरुस्त ड्राइव्ह आमच्याकडेच राहील असं कलमही हवं. चौथ्या-पाचव्या वर्षाचा देखभालीचा दर आणि वाढीव ड्राइव्हचा दर खरेदीच्याच दिवशी बांधून घ्या. २०२३ मध्ये नँडच्या किमती कोसळल्या आणि २०२४ मध्ये पुन्हा वधारल्या. पहिल्या खरेदीत मिळालेली सूट विस्ताराच्या वेळी सव्याज वसूल झालेली मी पाहिली आहे.

आपण इतके जण या क्षेत्रात आहोत, आणि प्रत्येक जण आपापल्या कार्यालयात एकटा या निविदांशी झुंजतो. माझी सूचना अशी आहे की या संमेलनाने मराठीत एक समाईक नमुना तयार करावा: एफआयओच्या चाचण्यांचे आराखडे, पीओसीत करायच्या मोडतोडीची यादी, आणि करारातली कलमं. ग्राहकाची गुप्तता सांभाळून प्रत्येकाने आपले आकडे त्यात घालावेत, म्हणजे बल्लभगढच्या छोट्या फोर्जिंग कारखान्यालाही ते वापरता येतील. पहिला कच्चा मसुदा दुपारच्या सत्रात मांडला जाईल. दुरुस्त्या लेखी द्या, आणि ज्यांच्याकडे स्वतःच्या महिनाअखेरच्या लेटन्सीच्या नोंदी आहेत त्यांनी त्या घेऊनच सत्राला बसावं.