भाताच्या खाचरात मधुमका
(कोपरी येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्या कोपरीत आता भाताचे खाचर औषधालाही सापडावयाचे नाही. परंतु आपल्यापैकी ज्या कुटुंबांची जमीन भिवंडी, कल्याण, मुरबाडकडे अद्याप शिल्लक आहे, ती भातकापणीनंतर बहुधा पडून असते; आणि पडीक जमिनीवर दलालाची दृष्टी प्रथम जाते. म्हणून जेथे विहिरीस पाणी आहे तेथे भातामागून मधुमका, म्हणजे बाजारातील स्वीट कॉर्न, घेण्याचा आपल्या तरुणांचा विचार आम्हास मनापासून पसंत आहे.

मात्र आपण पडलो भातकरी, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. उत्तम खाचर म्हणजे ज्यात पाणी ठरते ते. त्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून मातीची घडण मोडली आणि नांगराच्या तासाखाली कठीण थर बसविला. भाताच्या देठातून मुळांपर्यंत हवा पोहोचते, म्हणून त्यास हे मानवते. मक्याच्या मुळांना मातीतच हवा हवी. पाणी साचले की कोवळे रोप पिवळे पडते. आपण युरिया कमी पडला असे समजून आणखी मुठी फेकतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तेव्हा जमीन वाफशावर येताच तो थर फुटेल इतकी खोल नांगरट करावी. ओलीत नांगर घातल्यास निघणारी ढेकळे पुढे दगड होतात. ढेकळे फोडण्याचा कंटाळा येथे महाग पडतो, कारण या मक्याचे बी सुरकुतलेले असते. त्यात पिष्ट थोडे, म्हणून कोंबाची शिदोरी तुटपुंजी. माती भुसभुशीत हवी, पेरणी तीन-चार सेंटिमीटरहून खोल नको, आणि सरी-वरंब्यास पाण्याचा निचरा हवा.

आता खत. कुजलेले शेणखत आधी मातीत मिसळावे. आपल्याकडील तांबड्या आम्ल मातीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदास धरून ठेवतात. म्हणून तो शेतभर न फेकता पेरणीच्या वेळी बियाण्याच्या बाजूस, किंचित खाली द्यावा. नत्र मात्र तीन हप्त्यांत: पेरणीस, पीक गुडघाभर झाल्यावर आणि तुरा येण्याच्या सुमारास. पोत्यावरील आकडे अवश्य वाचावेत. 'सुफला' १५:१५:१५ च्या ५० किलोंच्या पोत्यात नत्र साडेसात किलो, तर युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो असते. 'एक पोते टाकले' या बोलण्यास म्हणूनच काही अर्थ नाही.

खाजणातील जमिनीची गोष्ट वेगळी. पावसाने धुतलेले क्षार उन्हे तापू लागली की पुन्हा वर येतात, आणि मका भाताहून नाजूक. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ व ३ या भाताच्या जाती अशाच जमिनीसाठी दिल्या आहेत. तेथे भातच करावा. ज्यांची जमीन खाजणाच्या कडेस आहे त्यांनी बी विकत घेण्यापूर्वी मातीचा नमुना तपासून घ्यावा, आणि तो बांधाजवळचा नव्हे, शेताच्या निरनिराळ्या भागांतून काढलेला असावा.